मशीन का थांबलं?

मुंबईत वडाळ्याला गं. द. आंबेकर मार्गावर आणि नायगाव क्रॉस रोडवर औद्योगिक वसाहतींच्या इमारती अजून उभ्या आहेत. श्रीराम इंडस्ट्रियल इस्टेट, रॉयल इंडस्ट्रियल इस्टेट, वडाळा उद्योग भवन. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते आंबेकर गिरणी कामगारांचे पुढारी. याच रस्त्यावर बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल होती, तिच्या जागी आता उंच मनोरे आहेत. गाळ्यांमध्ये मात्र कुठे छपाई चालते, कुठे पॅकिंग, कुठे सुटे भाग बनतात. अशा एखाद्या गाळ्यात नवं मशीन येतं तेव्हा बहुधा असं घडतं: विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येतो, मशीन बसवतो, दोघातिघांना स्क्रीनवरची बटणं दाखवतो आणि जातो. पंधरा-वीस वर्षं लेथवर घालवलेला टर्नर वहीत लिहून घेतो, की हिरवं दाबलं की सुरू, लाल दिवा लागला की फोन करायचा. लाल दिवा कशामुळे लागतो, मशीनला नेमकं काय खुपलं, हे त्याला कुणी सांगत नाही. मग इंजिनिअर येईपर्यंत सगळे थांबून राहतात आणि मालक म्हणतो, आमच्या लोकांना ऑटोमेशन झेपत नाही.

झेपतं. ते शिकवायचं कसं, कुठल्या क्रमाने, आणि त्याच वेळी सुपरवायझर आणि मॅनेजरने काय शिकायचं, हे इथे सावकाश पाहू.

आधी थोडा इतिहास, कारण या भागात यंत्र आणि माणूस यांचा संबंध जुना आहे. गिरण्यांत काम शिकायची पद्धत साधी होती. गावाकडचा नातलग किंवा ओळखीचा माणूस पोराला खात्यात घेऊन जायचा, जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम त्याला गैरहजर कामगाराच्या बदलीवर उभा करायचा, आणि बघता बघता तो शिकायचा. वरच्या तांत्रिक शिक्षणासाठी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला, म्हणजे वडाळ्याच्या उंबरठ्यावर आली आणि पुढे १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था झाली. मास्तर आणि मॅनेजर तिथे घडत. साचेवाला साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, घडत असे. या दोन शिक्षणांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडे.

ती न पडल्याचा परिणाम १९२८ मध्ये दिसला. ससून गटाच्या गिरण्यांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याला कताई यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला सांगितलं. मालकांच्या लेखी ही कार्यक्षमता होती. कामगारांचं म्हणणं असं, की सूत हलकं असेल तर धागे जास्त तुटतात. तीन साच्यांवर धागे तुटू लागले तर माणूस कुठे कुठे धावणार? एप्रिल ते ऑक्टोबर संप चालला, सुमारे दीड लाख कामगार त्यात होते, आणि पुढे फॉसेट समितीला या साऱ्याची चौकशी करावी लागली.

त्याच काळात जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी याच प्रश्नाला यंत्राच्या बाजूने हात घातला होता. १९२४ च्या त्यांच्या स्वयंचलित मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, आणि धोट्यातलं सूत संपत आलं की चालू मागातच धोटा बदलला जायचा. त्यामुळे माणसाला मागावर डोळे लावून बसावं लागत नसे. माग थांबला की जाऊन कारण शोधायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच. लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये या मागाच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. टोयोटाच्या मोटार कारखान्यात पुढे जो नियम झाला, की चूक दिसली की यंत्राने आणि माणसानेही काम थांबवायचं, त्याचं मूळ या मागात आहे. मुंबईत त्या वेळी प्रामुख्याने साधे लँकेशायर पद्धतीचे साचे होते. म्हणजे इथे माणसामागे साच्यांची संख्या वाढवली गेली, पण साच्याला स्वतःहून थांबायची अक्कल दिली गेली नाही. आजच्या ‘स्मार्ट’ कारखान्याचं मर्म या फरकात आहे, आणि म्हणून प्रशिक्षणाची सुरुवातही मशीन थांबण्यापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

पहिला धडा थांबवण्याचा, तोही सुरक्षित थांबवण्याचा. मशीनमध्ये हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाची पट्टी अडकवायची, किल्ली खिशात ठेवायची. मग साठलेली ऊर्जा काढायची: हवेच्या नळीतला दाब सोडायचा, वर अडकलेला भाग टेकवायचा, कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ द्यायचा. शेवटी बटण दाबून खात्री करायची, की मशीन खरंच मेलेलं आहे. हाताने चालवायच्या यंत्रात धोका डोळ्यांना दिसतो. स्वयंचलित यंत्र मात्र शांत उभं असतं आणि एखाद्या सेन्सरचा इशारा मिळताच अचानक हलतं, आणि त्यातच बोटं जातात. प्रेसच्या किंवा कटिंगच्या दाराचा लिमिट स्विच तारेने बांधून ठेवलेला अनेक ठिकाणी पाहायला मिळतो. तो कामगाराने बांधलेला असतो खरा, पण दार उघडलं की मशीन थांबतं आणि तासाचा आकडा भरत नाही, म्हणून. या धड्याला मॅनेजरने बसलंच पाहिजे, कारण तार सोडवायची तर तासाचा आकडा आधी त्याला बदलावा लागतो.

दुसरा धडा सेन्सरचा. इथे जुना कामगार पटकन खुलतो, कारण मशीनची नजर आणि स्पर्श कसे चालतात ते त्याला हातात धरून पाहता येतं. एका टेबलावर तीन सेन्सर ठेवावेत. इंडक्टिव्ह सेन्सरला फक्त धातू कळतो, तोही काही मिलिमीटरपर्यंत; लाकूड किंवा प्लास्टिक समोर धरलं तर तो गप्प. फोटो सेन्सर प्रकाशाचा किरण तुटला की बोलतो, म्हणून काचेवर धूळ किंवा कूलंटचा थर बसला की खोटं बोलू लागतो. तिसरा सिलिंडरवर बसणारा चुंबकी स्विच, दट्ट्या पुढे गेला की मागे हे सांगणारा. प्रत्येकावर छोटा दिवा असतो. तो दिवा वाचता आला की बऱ्याच ‘बिघाडांचं’ उत्तर फडक्याने सेन्सर पुसण्यात किंवा सैल नट आवळण्यात मिळतं. ज्या बिघाडांसाठी इंजिनिअरला फोन केला जातो, त्यातले कितीतरी इथेच मिटतात.

तिसरा धडा पीएलसीचा. लोक घाबरतात तो याला. पीएलसी म्हणजे पॅनेलमध्ये बसलेला छोटा, दणकट संगणक. त्याचं काम एका चक्रात चालतं: सगळ्या सेन्सरांची आणि बटणांची स्थिती वाचायची, त्यावर लिहून दिलेले नियम लावायचे, मोटर, व्हॉल्व्ह, दिवे यांना हुकूम सोडायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र काही हजारांश सेकंदांत पूर्ण होतं. त्याचा जन्म मोटारींच्या कारखान्यात झाला. जनरल मोटर्सच्या गिअर बनवणाऱ्या विभागात दर नव्या मॉडेलला रिलेंची, म्हणजे विजेने उघड-मिट होणाऱ्या स्विचांची, मोठमोठी कपाटं पुन्हा तारांनी जोडावी लागत. १९६८ मध्ये त्यांनी यावर उपाय मागितला, आणि डिक मॉर्ली यांच्या गटाने मोडिकॉन ०८४ हे यंत्र दिलं. त्या गटाचा शहाणपणा असा, की त्यांनी प्रोग्राम लिहायची पद्धत कारखान्यातल्या वायरमनला आधीच येत असलेल्या रिलेच्या आकृतीसारखी ठेवली. दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीच्या पायऱ्या. म्हणून तिला लॅडर म्हणतात. नवं तंत्र जुन्या ज्ञानावर बसवून आणायचं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आपल्याकडच्या क्लासांत मात्र लॅडर बऱ्याचदा अशा मुलांना शिकवतात ज्यांनी रिले कधी उघडून पाहिलेला नसतो, आणि ज्यांनी आयुष्यभर रिले बदलले त्यांना बोलावणंच येत नाही.

लॅडरची पहिली पायरी सगळीकडे एकच: स्टार्ट दाबलं की मोटर सुरू, बोट काढलं तरी सुरूच, स्टॉप दाबलं की बंद. बोट काढल्यावरही मोटर चालू राहते, कारण मोटरचा स्वतःचा संपर्क स्टार्टच्या समांतर जोडलेला असतो. मोटर एकदा लागली की ती स्वतःला धरून ठेवते. वायरमनला हे लगेच कळतं. पुढचा प्रश्न मात्र वर्गाला थांबवतो: स्टॉपचं बटण पॅनेलमध्ये ‘नेहमी बंद’ संपर्काने का जोडलेलं असतं? म्हणजे कुणी हात लावला नसतानाही त्यातून प्रवाह का वाहत असतो?

उत्तर असं. समजा उलट जोडलं, दाबल्यावरच प्रवाह जाईल असं. एके रात्री उंदराने ती तार कुरतडली. सकाळी मशीन नेहमीसारखं सुरू होईल, कारण तार तुटल्याचं त्याला कळणारच नाही. आणि ज्या क्षणी कुणाचा सदरा अडकेल त्या क्षणी स्टॉप दाबूनही काही होणार नाही. नेहमी वाहणारा प्रवाह ठेवला तर बटण दाबलं, तार तुटली, टर्मिनल सैल झालं, काहीही झालं तरी प्रवाह थांबतो आणि मशीन थांबतं. याचाच पुढचा परिणाम म्हणजे प्रोग्राममध्ये स्टॉपचं चिन्ह ‘नेहमी उघडं’ असं काढावं लागतं, कारण पीएलसीला तिथे एरवी प्रवाह दिसत असतो. नवशिक्याचा इथे हमखास गोंधळ होतो, आणि तो होऊ द्यावा. सरावाच्या ट्रेनर किटवर त्याला चुकीचं जोडू द्यावं, तार काढून दाखवावी, मशीन थांबत नाही हे त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावं. अर्धा दिवस गेला तरी चालेल. आणि लगेच सांगावं, की आणीबाणीचं मोठं लाल बटण एवढ्यावर सोडत नाहीत. ते वेगळ्या सेफ्टी रिलेतून थेट वीज तोडतं. प्रोग्राम चुकला तरी ते बटण चुकता कामा नये.

इथपर्यंत आलेला ऑपरेटर स्क्रीनवरचा अलार्म वाचू लागतो. ‘स्पिंडल ओव्हरलोड’ आलं तर इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, बोथट झालं का, फीड जास्त आहे का, आधीचा माल कडक होता का, हे तो टर्नर म्हणून जाणतोच. आता ते ज्ञान त्या अक्षरांशी जोडलं जातं. गाळ्यातल्या मशीनवर नेहमी येणारे अलार्म मराठी-हिंदीत, त्याखाली पहिला उपाय, असा कागद लॅमिनेट करून पॅनेलला लावला तर फार थोड्या खर्चात मोठं काम होतं. तो कागद इंजिनिअरने एकट्याने लिहू नये. वर्गातच ऑपरेटरांनी सांगावं आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा.

आता डेटा. यासाठी नवं मशीन लागतंच असं नाही. तीस वर्षं जुन्या लेथच्या मोटरच्या तारेभोवती करंट मोजणारी कडी बसवली, तिचं वाचन एका छोट्या यंत्रामार्फत संगणकावर पाठवलं, की लेथ बंद आहे, नुसता फिरतोय, की खरंच कापतोय हे कळतं, कारण तिन्ही वेळी मोटर वेगवेगळा करंट ओढते. लेथची तार तोडावीही लागत नाही. पण कडी एवढंच सांगते, की मशीन ११ वाजून १० मिनिटांनी थांबलं आणि ११ वाजून ३२ मिनिटांनी सुरू झालं. मधल्या २२ मिनिटांचं कारण फक्त ऑपरेटरला माहीत असतं: माल आला नव्हता, टूल बदललं, ड्रॉइंगवर शंका होती म्हणून सुपरवायझरची वाट पाहिली, वीज गेली. म्हणून मशीनशेजारी सहा-सात कारणांची बटणं द्यायची. डेटाचा खरेपणा या बटणांवर उभा आहे, आणि बटणं खरी दाबली जातात की नाही हे मॅनेजरच्या वागण्यावर.

हे आकड्यांत पाहू. ८ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण-चहाची ३० वजा केली की ४५० उरली. समजा मशीन त्यातली ९० मिनिटं थांबलं, म्हणजे चाललं ३६० मिनिटं: ८० टक्के. एका जॉबला ४० सेकंद लागत असतील तर ३६० मिनिटांत ५४० जॉब व्हायला हवेत, झाले ४५९: ८५ टक्के. त्यातले ९ रिजेक्ट, चांगले ४५०: सुमारे ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार साधारण ६७ टक्के. कारखान्यांत याला ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, म्हणतात. हा गुणाकार प्रत्येक ऑपरेटरला कागदावर स्वतः करता आला पाहिजे. मोबाइलवर तयार आलेला आकडा पाहून काही शिकायला मिळत नाही. स्वतः केला की तो लगेच विचारतो, ती ९० मिनिटं गेली कुठे?

मॅनेजरचं प्रशिक्षण इथून सुरू होतं. ९० मिनिटांतली ४० जर ‘मालाची वाट’ असतील तर दोष खरेदी आणि नियोजनाचा आहे. आकडा ६७ आला म्हणून ऑपरेटरला खडसावलं, तर दुसऱ्या दिवसापासून सगळी थांबणी ‘टूल बदललं’ या बटणावर जातील आणि लाखभर रुपयांची यंत्रणा खोटं बोलू लागेल. म्हणून मॅनेजरने शिकायच्या गोष्टी थोड्या आहेत पण कठीण आहेत: आकड्यावरून माणसाला न पकडता कारण पकडणं, रोज पाळीच्या सुरुवातीला मशीनपाशी उभं राहून दहा मिनिटं कालची कारणं ऐकणं, आणि त्यांतलं एक तरी आठवड्यात दूर करून दाखवणं. एक दूर झालं की पुढची कारणं लोक आपणहून सांगतात. पवईची निटी ही संस्था १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने औद्योगिक अभियांत्रिकीचं प्रशिक्षण देण्यासाठीच उभी राहिली होती. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. स्थापनेपासूनचा प्रश्न हाच आहे, की मोजणी कुणासाठी करायची.

रोबोटबद्दल थोडक्यात, कारण बहुतेक गाळ्यांना तो लगेच लागणार नाही. बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात २०१० पासून माणसाशेजारी काम करणारे कोबॉट आणले. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. कोबॉटचा हात धरून त्याला जागा दाखवता येतात, ते काही दिवसांत शिकता येतं. अवघड असतं ते जॉब त्याच्या हाती एकाच स्थितीत येत राहील याची सोय करणं, म्हणजे फिक्स्चर. आणि फिक्स्चर बनवायचं डोकं जुन्या फिटरकडेच असतं.

हे शिकायचं कुठे? वडाळा रोडवरून कुर्ल्याच्या गाडीने दुसरं स्टेशन चुनाभट्टी. तिथे आयडेमी ही केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था १९६९ पासून आहे. विजेच्या मोजमापाच्या उपकरणांचं आरेखन आणि तपासणी हे तिचं मूळ काम, आणि टूलिंग, सीएनसी, पीएलसी यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही ती चालवते. शीवला पुरव मार्गावर राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, जिथे आयटीआयचे शिक्षक घडतात. शीवलाच केंद्रीय श्रम संस्था आहे, औद्योगिक सुरक्षेसाठी. माटुंग्याला व्हीजेटीआय आहेच. केंद्राच्या समर्थ उद्योग योजनेतलं सी४आय४ हे केंद्र पुण्यात आहे. आपला कारखाना किती तयार आहे याचं मोजमाप करून घ्यायला मालक-मॅनेजरांनी तिथे जावं. पुण्याचं केंद्र सोडलं तरी एवढ्या संस्था इतक्या जवळ असण्याचं भाग्य महाराष्ट्रातल्या फार थोड्या औद्योगिक भागांना लाभलं आहे. तरी गाळ्यातला ऑपरेटर तिथे फारसा पोचत नाही, याचं कारण मला तरी सरळ दिसतं. वर्ग दिवसा, त्या दिवसाचा पगार कापला जाणार, ओव्हरटाइम बुडणार, आणि शिकून आल्यावर पगारात काही बदल होईल याची खात्री नाही. शिवाय मनात धास्ती, की हे मशीन शिकलो तर शेजारच्या दोघांची गरज उरणार नाही. ज्या भागाने जानेवारी १९८२ चा संप आणि त्यानंतर बंद होत गेलेल्या गिरण्या पाहिल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांचं काय झालं ते पाहिलं, तिथे ही धास्ती भाषणाने जाणार नाही.

ती लेखी शब्दाने जाऊ शकते. म्हणून गाळ्यांच्या मालकांना कळकळीची विनंती: मशीन येण्याच्या निदान दोन महिने आधी माणसांची निवड करा, आणि त्यांत सर्वात जुना टर्नर किंवा फिटर घ्या. प्रशिक्षणाचे तास पाळीत धरा, पूर्ण पगार द्या. शिकून आल्यावर हुद्दा आणि पगार काय असेल, आणि मशीनमुळे कुणाला काढलं जाणार नाही, हे कागदावर लिहून सही करा. विकणाऱ्या कंपनीच्या करारात प्रशिक्षणाचे दिवस, प्रोग्रामची प्रत आणि वायरिंगची आकृती मागून घ्या; या गोष्टी नंतर मागितल्या तर बहुधा मिळत नाहीत. एका इमारतीतल्या पाच-सहा गाळ्यांनी मिळून एक ट्रेनर किट घेतलं आणि महिन्यातून दोन शनिवार ठरवले, तर हा खर्च कुणालाच जड जाणार नाही.